शाळेचा कर्ता
(पाटोदा येथील शिक्षक मेळाव्यातील भाषण)

गुरुजनहो, दसरा-दिवाळी सरली की या तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. मुलेही सोबत निघतात. वर्ग ओस पडतो. शाळेचा खरा कर्ता तेव्हाच ओळखू येतो. मुख्याध्यापक पालकांच्या दारी वेळेत गेला, हंगामी वसतिगृहाची सोय आधीच लावली, तर मूल गावी राहते, शिकते. तो खुर्चीतच बसला, तर उत्तम शिक्षकही रिकाम्या बाकांपुढे हतबल ठरतो.

याच जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या शाळेत, स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. १९३८ साली ते हैदराबाद संस्थानातील सत्याग्रहात उतरले. शाळा घडविणारा समाजही जागवितो, याचा हा दाखला.

दिवाळीपूर्वी किती उंबरे झिजविले, हीच मुख्याध्यापकाची खरी हजेरी!