पोटाचा घेर आणि आतड्यातील अंकुर
(मुळशी तालुक्यातील सरपंच व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



एखाद्याचे पोट सुटले की ‘बरे चालले आहे’ असे आपण म्हणतो. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या मुळशीकराला पोट सुटण्याची सवडच नसे. आज याच तालुक्यात हिंजवडी आहे आणि पुष्कळांचा दिवस खुर्चीत जातो.

वाढते वजन आपण मधुमेहाशी जोडतो, मोठ्या आतड्याशी नाही. या आतड्याच्या अस्तरावर कधीकधी लहान अंकुर उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक अंकुर निरुपद्रवी राहतात. परंतु एका जातीच्या काही अंकुरांचे, साधारणपणे दहा वर्षांत, कर्करोगात रूपांतर होते. स्थूल व्यक्तींत, विशेषतः पोटावर चरबी असणाऱ्यांत, असे अंकुर अधिक आढळतात. चरबीमुळे रक्तातील इन्शुलिन वाढते, शरीरात मंद दाह राहतो व पेशींच्या वाढीस चालना मिळते, अशी त्याची मीमांसा केली जाते.

सडसडीत माणसानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! त्यांचा विषय मधुमेहाचा होता, तरी बोध आपल्या कामाचा आहे. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही हवी. कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

अंकुर सहसा दुखत नाही, हीच अडचण. कधी शौचावाटे रक्त जाते, आणि त्याचे निदान घरोघरी ठरलेले असते: मूळव्याध! मग झाडपाल्यात आणि संकोचात महिने जातात. स्त्रिया तर बोलतही नाहीत. रक्त मूळव्याधीचे असेलही, परंतु ते तपासणाऱ्याने ठरवावे. दुर्बिणीच्या तपासणीत दिसलेला अंकुर बहुधा त्याच वेळी, पोट न उघडता काढता येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते, आतड्याची होत नाही. म्हणून लक्षण ओळखण्याचा भार आपल्यावरच पडतो. शौचाची सवय बदलली, अकारण थकवा आला, किंवा आईवडील, भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि मूळव्याधीचे औषध मागण्याऐवजी काय होते ते मोकळेपणाने सांगावे.