नीलकंठशास्त्री गोरे : एका लेखणीतले दोन पक्ष



गोमंतकात ख्रिस्ती पाद्री आणि मराठी भाषा यांचा एकत्र उल्लेख झाला की, 1616 साली राशोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स आपल्याला आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु परदेशातून येऊन आपली भाषा शिकणाऱ्या त्या पुरुषाच्या कथेपेक्षा, आपल्याच शास्त्रांत मुरून मग ख्रिस्ताकडे गेलेल्या एका चित्पावन पंडिताची कथा मला अधिक अवघड वाटते, म्हणून आजचा वेळ त्याच्यासाठी मागतो.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म 1825 साली, झाशीजवळच्या काशीपुरा येथे झाला. वाढले आणि शिकले ते काशीस. जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या एका अंमलदाराने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदु शास्त्रांस आव्हान दिले, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्या तीन पंडितांत विशीच्या उंबरठ्यावरचे नीलकंठशास्त्री एक होते. 1844-45 च्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांनी विचारले की, पूर्वजन्म मानावयाचा नाही, तर नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या आणि मुक्या जनावराच्या दुःखाचा हिशेब कोणत्या दप्तरी लावावयाचा? प्रश्न नैतिक आहे, आणि माझ्या मते, आजही तो शिळा झालेला नाही.

आणि हेच शास्त्रीबुवा पुढे तीन-चार वर्षांत, 14 मार्च 1848 रोजी, जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले! फितुरीचा आरोप करणे सोपे आहे. परंतु ज्याला बढती किंवा जहागीर हवी असते तो मनुष्य 1860 साली ‘षड्दर्शनदर्पणा’सारखा ग्रंथ लिहीत बसत नाही. दर्शनांची मते त्यांत त्यांनी शास्त्र्याच्या शिस्तीने, पूर्वपक्ष नीट मांडून, तपासली आहेत. आणि पुण्य हेही पापाप्रमाणे बंधनच असेल, तर सदाचरणाला स्वतःची किंमत ती काय उरते, हा त्यांचा खोचक सवाल आहे. वेदान्त्यांकडे त्याला उत्तर नाही असे मी म्हणणार नाही. निष्काम कर्माचा विचार त्यासाठीच आहे. पण सवाल ऐकल्याखेरीज ते उत्तर धारदार होत नाही.

मध्यंतरी पंजाबच्या पदच्युत महाराजा दुलीपसिंगांसोबत ते विलायतेस गेले होते. 1870 साली अँग्लिकन पाद्री झाले, नंतर ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त मंडळात नवशिष्य म्हणून राहिले. प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचे वाद रंगले. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांच्या युक्तिवादाचा ठसा उमटला, हे बाईंनी स्वतः मान्य केले आहे. आणि इतरांना निरुत्तर करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शंकांनी मात्र आयुष्यभर छळले. त्यांच्या चरित्रातील हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो.

29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईस ते वारले. कोणा जिज्ञासूने ‘विनिर्णय’ आणि ‘दर्पण’ मिळवून शेजारी शेजारी ठेवावेत, आणि आधी आपल्याला न पटणारा ग्रंथ उघडावा, एवढी माझी विनंती आहे.