मधुमेह आणि दातांची निगा : घरच्या माणसांचे काम

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यासमोर आरोग्यावर बोलायला उभा राहताना मला थोडा संकोच वाटतो. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत क्लार्क म्हणून काम करतो. परंतु चिटणीस साहेब म्हणाले की, ज्याच्या घरात हा प्रश्न येऊन गेला त्यानेही एकदा बोलावे. म्हणून मी जे पाहिले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि जे वाचले तेवढेच आपल्यासमोर ठेवणार आहे. औषधे आपापल्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायची, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात माझ्या आईपासून करतो. आईला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मधुमेह असल्याचे कळले. मी तिच्या गोळ्या आणत होतो, महिन्याला साखर तपासून घेत होतो, रिपोर्ट फाईलला लावत होतो. क्लार्कची सवय! कागद सगळे जागेवर होते. पण त्या फाईलमध्ये तोंडाविषयी एक ओळ नव्हती. आई लहानपणापासून मिश्री लावायची. तिच्या हिरड्या सुजायच्या, सकाळी थुंकीत रक्त यायचे, खालचे पुढचे दात हलायला लागले होते. आम्ही म्हणायचो, "वय झालं, दात जायचेच." तीही म्हणायची, "माझ्या आईचेही असेच गेले."

एके दिवशी दाढ फार ठणकायला लागली, तेव्हा जवळच्याच एका दवाखान्यात नेऊन काढून घेतली. तिथे साखरेचे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. चूक दोन्हीकडची. जखम भरेना. गाल सुजला, ताप आला. रुग्णालयात दाखल केले तेव्हा साखर तीनशेच्या वर गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आईचं तोंड कधी उघडून पाहिलं होतं का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

आता मूळ विषयाकडे वळू या. मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग, असा समज अजून काही ठिकाणी आहे. तो खोटा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण जाणतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३.६ कोटी आहेत. म्हणजे या सभागृहातील प्रत्येक घराचा या ना त्या प्रकारे या रोगाशी संबंध येणार.

मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, हृदय आणि पाय यांना धोका असतो हे बहुतेकांना ठाऊक असते. तोंडाचे मात्र कोणी बोलत नाही. १९९३ साली हॅराल्ड ल्यो या दंतशास्त्रज्ञांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. त्या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलेली नाही.

हे घडते कसे? दातांवर दररोज जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. तो ब्रशने निघतो. निघाला नाही तर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली शिरतात, हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते आणि दात हलू लागतो. हा झाला पायोरिया. निरोगी माणसाचे शरीर या जंतूंशी बऱ्यापैकी झुंजते. साखर वाढलेली असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम लवकर भरत नाही. लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते आणि लाळेतही साखर वाढते. म्हणजे जंतूंना अन्न मिळते आणि पहारेकरी मात्र झोपलेला! त्यामुळे मधुमेहींना हा रोग होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. हिरडीतली सूज हिरडीपुरती राहत नाही. तिथून निघणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नाही. म्हणजे साखरेमुळे हिरडी बिघडते आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखर वाढते. एचबीए१सी नावाची तपासणी आपण ऐकली असेल. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती आजची शिल्लक नसून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक आहे. हिरड्यांचे उपचार नीट केल्यास तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०२२ साली तज्ज्ञांनी सांगितले. आकडा लहान वाटेल, पण तो औषधांबरोबरचा जादा फायदा आहे. मात्र दात साफ केले म्हणून गोळ्या बंद करायच्या, असा याचा अर्थ मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट मी घरीच पाहिली. दात गेले की माणूस भाकरी, काकडी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे सोडतो आणि चहात बुडवून बिस्किट, पाव, मऊ भात यांच्यावर येतो. आईचे तेच झाले होते. आम्ही म्हणायचो, "पथ्य पाळत नाही." तिला चावताच येत नव्हते, हे आमच्या लक्षात आले नाही. वर ती हसताना तोंडावर पदर धरायची. पुढे पुढे लग्नकार्याला जाणेही तिने टाळले.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे आणि घरी वाचून दाखवावे.

पहिली गोष्ट, दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपताना न चुकता, दोन मिनिटे ब्रश करावा. ब्रश मऊ असावा आणि तीन महिन्यांनी बदलावा. पेस्ट फ्लोराइडची असावी. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने गोल फिरवावा. भांडी घासल्यासारखे जोराने घासू नये. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात स्वच्छ दिसतात, पण वरचे कवच झिजते. दोन दातांच्या फटी बारीक ब्रशने किंवा दातांच्या दोऱ्याने साफ कराव्यात. टाचणी, काडेपेटीची काडी घालू नये. रक्त आले म्हणून ब्रश थांबवू नये. रक्त ही सूज असल्याची खूण आहे, डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी गोष्ट तंबाखू. मिश्री, गुटखा, तपकीर, विडी हे सर्व बंद झाले पाहिजे. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ साली बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कोण बंदी घालणार? ती आपणच घातली पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. त्यामुळे रोग आत वाढत राहतो आणि माणूस मात्र निर्धास्त असतो.

तिसरी गोष्ट तपासणी. दुखत नसले तरी सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जावे. हिरड्या खराब असतील तर ते तीन-चार महिन्यांनी बोलावतील. किटण काढल्याने दात ढिले होतात, असे लोक म्हणतात. खरे म्हणजे दात आधीच ढिला झालेला असतो, किटणाने तो झाकलेला असतो. दाढ काढल्याने नजर जाते, हीसुद्धा निव्वळ समजूत आहे.

चौथी गोष्ट, दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना मधुमेह असल्याचे स्वतःहून सांगावे. गोळ्यांची चिठ्ठी आणि साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्यावा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास तेही सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. भूल सुईची असेल आणि डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर नेहमीप्रमाणे खाऊन, औषध घेऊन जावे. उपाशी जाऊ नये. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजावे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. रात्री असा प्रसंग येऊन साखर खावी लागली, तर बरे वाटल्यावर पाण्याने चूळ भरून घ्यावी.

पाचवी गोष्ट कवळीची. रात्री कवळी काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. ती घालून झोपल्यास मधुमेहींच्या तोंडात बुरशी लवकर धरते. जिभेवर, टाळूवर पांढरे चट्टे किंवा जळजळ दिसली तर दाखवावे. कवळी टोचून झालेली जखमही अंगावर काढू नये. तोंड कोरडे पडत असेल तर घोट घोट पाणी प्यावे. गोळी-चॉकलेट चघळू नये.

आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे काय? त्याला शक्य तेवढे उठवून बसवावे, बसता येत नसेल तर कुशीवर वळवावे. मऊ ब्रशला थोडीशीच पेस्ट लावून दात, हिरड्या आणि जीभ साफ करावी, ओल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावे. आठवड्यातून एकदा उजेडात तोंड नीट पाहावे. गाल किंवा जबडा सुजला, पू आला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नये.

खर्चाची अडचण मला ठाऊक आहे. आईने दुखणे लपवले ते पैशाच्या भीतीनेच. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खाजगीपेक्षा फार कमी खर्चात उपचार होतात. रांग असते, दोन-चार हेलपाटे पडतात, पण शिकणारे तरुण डॉक्टर वेळ देतात. अशाच एका ठिकाणी एका मुलीने माझ्या आईच्या हातात आरसा दिला आणि ब्रश कसा धरायचा ते शिकवले. आई म्हणाली, "साठ वर्षांनी मला कोणी दात घासायला शिकवलं!"

तोंडाची स्वच्छता ही आपल्याला परकी गोष्ट नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुमती दिल्याचा प्रसंग आहे. दातवण न वापरण्याचे पाच तोटे तिथे सांगितले आहेत, तोंडाला दुर्गंधी येणे हा त्यांतलाच एक. दातवण किती लांब असावे याचाही नियम आहे : आठ बोटांपेक्षा मोठे नको, चार बोटांपेक्षा लहान नको. एवढ्या बारीक गोष्टीकडेही तिथे लक्ष पुरवलेले आहे. आपण तर घरातल्या एका माणसाचे तोंड पाहायचे आहे.

शेवटी माझ्याविषयी. आईला घेऊन गेलो असताना त्याच डॉक्टर मुलीने मला विचारले, "काका, तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं का?" मी म्हणालो, येते, बरीच वर्षे येते. तिने साखर तपासायला सांगितली. एचबीए१सी ६.९ निघाला, पुन्हा तपासला तरी तेच. ६.५ पासून वर मधुमेह धरतात. वय चव्वेचाळीस, त्रास काहीच नाही. हिरडीने सांगितले नसते तर मला आणखी काही वर्षे कळलेही नसते.

आईचे आज अकरा दात शिल्लक आहेत. मिश्री सुटली, कवळी बसली, औषधे बदलली, साखर पुष्कळ आटोक्यात आली. ज्वारीची भाकरी ती पुन्हा खाते. गेलेले दात परत आले नाहीत आणि माझ्या निष्काळजीपणाची ती खूण कायम राहणार आहे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना, आई-वडिलांना उजेडात बसवा आणि म्हणा, "आ करा." लाजतील, रागावतील, पण करतील. हिरडीतून रक्त, हलणारा दात किंवा पू दिसला तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. एवढे केलेत तर माझे बोलणे कारणी लागले, असे मी समजेन.



जय भीम!