काटकसर एकट्या घराची नव्हे
(रामटेक येथे पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



महागाईवर सभा घेतली की व्यासपीठावर सरकारच्या धोरणाची चर्चा होते. सभा संपवून कार्यकर्ता घरी गेला की तेथे तेलाचा डबा रिकामा झाल्याची वार्ता असते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, हे सर्वांना मान्य आहे. तथापि तो संबंध घरातल्या जमाखर्चात मांडून दाखवण्याचे काम चळवळीने अलीकडे सोडून दिले आहे. म्हणून आजचा विषय मुद्दाम साधा ठेवला आहे. किराण्यात आणि रोजच्या घरखर्चात बचत करावी कशी?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर म्हणजे उपदेश. खर्च जपून करा, चैन टाळा, चार पैसे मागे टाका. रामटेकच्या गडाखाली रोजंदारी करणाऱ्या, मनसरच्या खाणीच्या आश्रयाने राहणाऱ्या किंवा देवलापारकडील गावांतून रोवणीला येणाऱ्या बाईला हा उपदेश करणे म्हणजे तिचा अपमान होय. भाजीत पाणी किती वाढवावे आणि तेलाची धार कोठे थांबवावी, हे तिला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाहून अधिक कळते. प्रश्न तिच्या शहाणपणाचा नाही. तिने वाचवलेला पैसा कोणत्या वाटेने निघून जातो, हा आहे.

२०२३-२४ च्या राष्ट्रीय कौटुंबिक खर्च पाहणीत ग्रामीण भारतातील कुटुंबाच्या दर १०० रुपये खर्चापैकी सुमारे ४७ रुपये अन्नावर जातात असे आढळले. शहरात हा आकडा सुमारे ४० आहे. ही झाली सरासरी. उत्पन्न जितके कमी तितका अन्नाचा वाटा मोठा, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल यांनी १८५७ सालीच दाखवून दिला होता. याचा अर्थ इतकाच की डाळ-तेलाचे भाव चढले म्हणजे श्रीमंताचा हिशेब थोडासा हलतो आणि मजुराचा हिशेब कोसळतो.

पुडीचा भाव

पैसा निघून जाण्याची पहिली वाट म्हणजे लहान खरेदी. मजुरी रोज मिळते, म्हणून खरेदीही रोज होते. समजा, एखादी वस्तू किलोला १२० रुपये पडते आणि तिची १०० ग्रॅमची पुडी १५ रुपयांना मिळते. दहा पुड्या घेणाऱ्याने किलोमागे १५० रुपये मोजले. म्हणजे शेकडा २५ रुपये अधिक. हा दंड त्याने उधळपट्टीबद्दल भरलेला नाही. हाताशी एकदम १२० रुपये नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा!

मात्र या बाबतीत सरसकट नियम करणेही चुकीचे ठरेल. शाम्पूसारख्या काही वस्तूंत पुडीच मोठ्या बाटलीहून स्वस्त पडते, असेही आढळते. म्हणून वेष्टनावरचे अक्षर वाचण्याची सवय हवी. आता वेष्टनावर ग्रॅममागे किंवा किलोमागे काय दर पडतो, तो छापणे बंधनकारक आहे. ही तरतूद ज्या फेरबदलाने आली, त्याच फेरबदलाने ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच विकण्याचे जुने बंधन काढून टाकले गेले. त्यामुळे पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांनाच राहतो आणि आतला माल गुपचूप घटतो. भाववाढ झाली, पण भाव वाढलेला दिसला नाही! शाळेत जाणाऱ्या मुलीला हा बारीक छापील दर मोठ्याने वाचायला लावणे, हेही ग्राहक चळवळीचेच काम आहे.

येथे किराणा दुकानदारासंबंधी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गावचा लहान दुकानदार हा चळवळीचा शत्रू नव्हे. आजारपणात, पेरणीच्या दिवसांत, हाताला काम नसताना तोच वहीत मांडून माल देतो. बँक देत नाही, मोठी बाजारसाखळीही देत नाही. परंतु त्या उधारीची किंमत भावात मिसळलेली असते, आणि उधारीने बांधलेले गिऱ्हाईक वजनाविषयी तक्रार करीत नाही. उधारी हे व्यसन नव्हे. रोकड नसण्याचे ते फळ आहे. तेव्हा उपायही रोकड उभी करण्याचाच असला पाहिजे.

धान येथले, भाव दुसऱ्याचा

दुसरी वाट अधिक रुंद आहे, आणि ती या तालुक्यातील बांधीतूनच निघते. खिंडसीच्या आणि पेंचच्या पाण्यावर येथे धान पिकते. कापणी आणि चुरणी झाली की देणेकरी दारात उभे राहतात आणि लहान शेतकऱ्याचे धान मिळेल त्या भावाने जाते. त्याच घरातील बाई पुढे आषाढ-श्रावणात दुकानातून किलोकिलोने तांदूळ आणते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. सरकारी भरडाईच्या हिशेबात एका क्विंटल धानातून ६७ किलो तांदूळ धरला जातो. म्हणजे आधारभूत भाव पूर्ण मिळाला, तरी तांदळाच्या किलोमागे शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३५ रुपये पडतात. व्यापाऱ्याने भाव पाडला तर त्याहून कमी. कोंडा आणि तूस यांची किंमत वेगळीच राहते. दुकानातील तांदळाच्या भावाशेजारी हा आकडा लिहून ठेवावा. मधले अंतर कोणाकोणाच्या पदरात पडते, हे मग कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी ‘दाम बांधो’ची मागणी केली तेव्हा तिचे दोन भाग होते. कारखान्यात तयार होणारी वस्तू उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून महाग विकली जाऊ नये, हा एक. आणि दोन पिकांच्या दरम्यान धान्याच्या भावातील चढउतार मर्यादेत राहावा, हा दुसरा. दुसरा भाग रामटेकच्या शेतकऱ्याला आणि मजुराला सारखाच लागू पडतो, कारण पुष्कळदा तो एकच माणूस असतो. सरकारने हे करावे, ही मागणी सोडता येणार नाही. परंतु घरी खाण्यापुरते धान विकायचे नाही, एवढे ठरवण्यासाठी सरकारची वाट पाहावी लागत नाही. निकड असेल तर माल विकण्याऐवजी तारण ठेवावा. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालत आली आहे आणि धान तिच्यात बसते. किती शेतकऱ्यांना तिचा अर्ज भरून दिला, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःस विचारावा.

हक्काचे पाच किलो

तिसरी गोष्ट रेशनची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य हा हक्क म्हणून दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो. घरखर्चात याहून मोठी बचत दुसऱ्या कोणत्याही युक्तीने होणार नाही. म्हणून या पंचवीस किलोंतील प्रत्येक किलो पूर्ण वजनाने घरी पोहोचणे, हे काटकसरीचे पहिले कलम होय.

कायदा एवढ्यावर थांबत नाही. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव असावे, असे तो सांगतो. दक्षता समित्या नेमाव्यात, सामाजिक अंकेक्षण व्हावे, धान्य न मिळाल्यास भत्ता मिळावा, हेही सांगतो. समिती कागदावर आहे की दुकानात, हे पाहणे कार्यकर्त्याचे काम आहे. अंगठा दिला की पावती घ्यावी आणि पावतीवरील आकडा काट्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ फरक पडेल. लाभार्थ्यांची संख्या आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आणि लग्न होऊन आलेल्या सुना यांपैकी कोणाची नावे राहिली, याची घरोघर यादी करावी आणि ती तहसील कार्यालयात नेऊन द्यावी.

हक्क आणि भेट यांतील फरकही लोकांना सांगितला पाहिजे. २०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल यांचा ‘आनंदाचा शिधा’ १०० रुपयांत दिला. घराघरात त्याचे स्वागत झाले, ते स्वाभाविकच होते. २०२५ च्या दिवाळीत तो मिळाला नाही, आणि कोणालाही त्याविरुद्ध दाद मागता आली नाही. सरकारच्या मर्जीने आलेली वस्तू मर्जी संपली की जाते. डाळ आणि तेल यांना धान्याप्रमाणे कायद्यात स्थान मिळावे, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि आयातकर वरखाली झाला की रामटेकची कढई गरम किंवा थंड होते. येथे एकट्या बाईची काटकसर हतबल आहे.

वीस घरांचा एक हिशेब

मग तिच्या हाती काय उरते? शेजारीण उरते.

इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली विणकर आणि इतर कामगारांनी एक दुकान काढले. सुरुवातीस पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. शुद्ध माल, पुरे वजन, रोखीचा व्यवहार, दर सभासदास एक मत, आणि नफा उरल्यास ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटणी. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला, तो याच विचारातून. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही मागे टाकले. शेजारच्या कुटुंबांचा गट करावयाचा, महिन्याची यादी एकत्र द्यावयाची, माल ठोक भावाने आणून सभासदांनीच आपसात वाटून घ्यावयाचा, ही तिची रीत.

ग्राहक भांडारे बुडाली, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. १९६६ च्या अवमूल्यनानंतर सरकारी भांडवलावर मोठमोठी भांडारे उघडली गेली. दिल्लीचे ‘सुपर बाजार’ त्यांतलेच. पुढे अनेक बंद पडली. जेथे सभासदापेक्षा संचालकपद मोठे झाले, उधारी वाढली आणि हिशेब कपाटात राहिला, तेथे दुसरे काही होणे शक्य नव्हते. त्यापासून धडा घ्यावयाचा तो असा की आरंभ इमारतीने करू नये.

तालुक्यात महिला बचत गट आहेत. दरमहा पैसे जमा करण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणवली आहे. त्यांतील दोन गट, म्हणजे वीसेक घरे, एकत्र यावीत. वस्तू पाचच घ्याव्यात: तूरडाळ, तेल, साखर, गहू आणि कपड्यांचा साबण. पैसे आधी जमा करावेत. दोघींनी नागपूरला कळमन्यात किंवा इतवारीत जाऊन तीन ठिकाणी भाव विचारावा आणि कट्ट्याने माल आणावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्य, डाळ व पीठ यांवर शेकडा ५ कर बसला. सुट्या मालावर आणि त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही, हाही फायदाच. तूरडाळीत लाखोळी मिसळलेली नाही, हे दाणे पसरून पाहावे. गाडीभाडे धरून भाव काढावा. भाडे धरल्यावर बचत उरत नसेल तर ती वस्तू यादीतून काढावी. दर महिन्याला जाणाऱ्या दोघी बदलाव्यात आणि हिशेब सर्वांसमोर वाचावा. उधारी देऊ नये. एखादीजवळ पैसे नसतील तर गटाच्या बचतीतून तिला रीतसर कर्ज द्यावे, म्हणजे मदतही होईल आणि हिशेबही राहील.

यात क्रांती कोठे आहे, असे कोणी विचारील. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एका मोर्चात चालल्या. हजारो गृहिणी लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. रॉकेल किती मिळाले आणि गोडेतेल कोठे दडवले आहे, हे त्या बायकांना माहीत होते, म्हणून मंत्र्यांना उत्तर देणे भाग पडले. भाव, वजन आणि साठा यांची घरोघरची माहिती ही त्या चळवळीची खरी शक्ती होती. वीस घरांनी सहा महिने एकत्र खरेदी केली की अशीच माहिती रामटेकमध्ये जमा होईल. वाचलेले पैसे तिच्यापुढे दुय्यम आहेत. पण तेही वाचतील, आणि त्यांवरच लोकांचा विश्वास बसेल.

तेव्हा बैठक संपण्यापूर्वी दोन वह्या घालाव्यात. एकीत रेशनमधून नावे राहिलेल्यांची यादी, दुसरीत एकत्र खरेदीला तयार असलेल्या घरांची. पुढील बैठकीत भाषण नको; या दोन वह्या वाचाव्यात.