अवरोधजन्य कावीळ आणि उपचारांच्या चाचण्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषय मी बुद्ध्याच थोडा अवघड निवडला आहे.

कावीळ म्हटली की आपल्या घरांत प्रथम ती उतरविणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. गळ्यात माळ पडते, चुन्याच्या पाण्यात हात धुवविले जातात आणि पाणी पिवळे झाले की रोग उतरला असे समाधान मानले जाते. विषाणूमुळे होणारी कावीळ पुष्कळदा आपली आपणच बरी होते. श्रेय माळेला मिळते. परंतु पित्तवाहिनीच जेथे बंद पडलेली असते तेथे हे समाधान फार महाग पडते. डोळे पिवळे, लघवी गडद, मळ पांढुरक्या मातीसारखा आणि अंगाला रात्रंदिवस खाज, अशी तिची लक्षणे. अडथळा खड्याचा असेल, वाहिनी आकसल्याचा असेल, किंवा स्वादुपिंडाच्या, पित्ताशयाच्या अथवा पित्तवाहिनीच्या कर्करोगाचाही असेल.

अशा रोग्याच्या आप्तांना मोठ्या रुग्णालयात कधी विचारले जाते, ‘आमच्या येथे एक क्लिनिकल ट्रायल चालू आहे, आपण सहभागी व्हाल काय?’ त्यावर ‘आमच्या माणसावर प्रयोग करणार काय?’ असा उद्गार सहज निघतो. उद्गार स्वाभाविक आहे. तथापि चाचणी नसते तेव्हा रोग्यावर काय होत असते, याचाही विचार व्हावा.

एक उदाहरण सांगतो. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होऊन कावीळ झाली, तर शस्त्रक्रियेपूर्वी नळी घालून पित्त वाहते करावे, कावीळ उतरू द्यावी आणि मग पोट उघडावे, असा प्रघात वर्षानुवर्षे होता. ऐकावयास तो किती समंजस वाटतो! हॉलंडमधील डॉक्टरांनी तो पडताळून पाहिला. २०२ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया आठवड्याच्या आत, दुसऱ्याला आधी नळी व चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात शेकडा ३९, तर नळीच्या गटात शेकडा ७४! जो उपचार दयाळूपणाचा वाटत होता, तोच अधिक त्रासदायक ठरला. अर्थात हा निष्कर्ष सर्वांना लावता येत नाही. ज्यांचे बिलीरुबिन फार चढले आहे, ज्यांना पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग झाला आहे, किंवा ज्यांना आधी केमोथेरपी द्यावयाची आहे, त्यांना नळी लागतेच. शिवाय त्या वेळी नळ्या प्लास्टिकच्या होत्या. आता धातूच्याही वापरतात.

चाचणीत धोका नसतो असे मी म्हणणार नाही. त्याच देशात यकृताच्या मुखाशी असलेल्या पित्तवाहिनीच्या कर्करोगासाठी, पित्त त्वचेतून सुई घालून काढावे की तोंडावाटे दुर्बीण घालून, याची चाचणी झाली. ५४ रोगी झाले असताना ती मध्येच थांबविण्यात आली. कारण पहिल्या रीतीच्या २७ पैकी ११ रोगी दगावले होते, दुसऱ्या रीतीच्या २७ पैकी ३. चाचणीवर पहारा असतो तो यासाठी. म्हणून आपण विचारावे : या चाचणीवर देखरेख कोणाची? नीतिसमितीची संमती आहे काय?

आता शोधावे कसे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही २००७ पासून चालू आहे. ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. प्रत्येक नोंदीत चाचणी कोठे चालू आहे, कोणास घेतात, कोणास घेत नाहीत आणि चौकशी कोणाकडे करावी, हे दिलेले असते. नोंदी इंग्रजीत आहेत. यास्तव रोगाचे नेमके इंग्रजी नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. नुसते ‘जॉन्डिस’ शोधून भागत नाही, अडथळ्याचे कारण शोधावे लागते. नोंद आहे म्हणजे सरकारने चाचणीची ग्वाही दिली, असेही समजू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. मी सांगितलेल्या पहिल्या चाचणीत, आधीच नळी घातलेल्या रोग्यांना घेतले नव्हते, आणि घेणे शक्यही नव्हते. म्हणून नळी घालण्याचे ठरताच विचारावे, ‘यामुळे एखाद्या चाचणीचे दार बंद होईल काय?’ मात्र ताप, थंडी वाजणे किंवा ग्लानी असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवावा. तेथे तासांचा प्रश्न असतो.

संमतिपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मिळणे हा आपला हक्क आहे. ते घरी आणून वाचावे. नकार दिला, किंवा मध्येच बाहेर पडलो, म्हणून नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत. नव्या औषधांच्या चाचण्यांस २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई यांची तरतूद त्यांत आहे. जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, तपासण्यांचे पैसे कोण भरणार, हेही संकोच न करता विचारावे. आपल्याकडे वडीलधारी माणसे डॉक्टरांपुढे प्रश्न विचारणे अविनय समजतात. तेव्हा हे काम घरातील शिकलेल्या मुलींनी व सुनांनी अंगावर घ्यावे. जाताना रक्ताचे अहवाल, सीटी स्कॅन, नळी घातली असल्यास तिची तारीख आणि प्रकार, व तुकडा तपासला असल्यास त्याचा अहवाल, इतके कागद एका पिशवीत बरोबर असू द्यावेत.