खोलीचा खर्च आधी

सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मागावरच्या मजुरीतून चार पैसे शिलकीत पडले, की घरी गाणे नीट ऐकावे असे वाटणे स्वाभाविक होय. पण सारी पुंजी यंत्रावर खर्ची पडते, आणि उघड्या भिंतींच्या खोलीत तेच गाणे गोंगाट होऊन परतते.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्दच कळेनात. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या. साडेपाच सेकंद रेंगाळणारा नाद गादीगणिक ओसरत गेला!

त्याच्या सूत्राने पाहता चार मीटर लांब, तीन रुंद व तीन उंच अशी फरशी-गिलाव्याची रिकामी खोली सुमारे तीन सेकंद घुमते. गाद्या, सतरंज्या व जाड पडदे पुरेसे असले तर तो काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. कापडाच्या पेठेत राहणाऱ्यांना हे जड नाही. मात्र साडीचे झिरझिरीत कापड येथे कुचकामाचे; पडदा जाड, चुणीदार व भिंतीपासून चार बोटे सुटा हवा.

डग्ग्याचा घुमारा पडद्यालाही जुमानत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहावा. हा उपाय फुकटचा. उरलेल्या पैशांतून प्रथम स्पीकर चांगले घ्यावेत, लहान खोलीस ॲम्प्लिफायर बेताचा पुरतो. पडद्याने आवाज शेजारी जाणे मात्र थांबत नाही. तेथे बटणच खाली फिरवावे लागते.