अर्धवट खोप्याची गोष्ट

नवा कॅमेरा हातात आला की माणसाला घाई सुटते. दिसेल ते टिपायचं! पाखरांपुढे ही घाई चालत नाही.

पेण-रोहा रेल्वेमार्गावर नागोठण्यानंतर निडी हे छोटं स्टेशन लागतं. श्रावणातल्या एका सकाळी मी आणि माझा भाचा तिथल्या भातखाचरांच्या बांधाने निघालो. गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. एका बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. त्यातला एक अर्धाच होता. उलट्या टोपलीसारखा, मध्ये आडवा पट्टा. भाचा म्हणाला, "मामू, हा मोडका आहे. फोटोत नको."

मोडका नव्हता तो. त्याचं गुपित उलगडलं ते आपल्याच रायगड जिल्ह्यात. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीचा अभ्यास केला. खोपा बांधतो तो नर. भातपातीचे लांब धागे चोचीने सोलून आणतो, विणतो आणि काम अर्ध्यावर आलं की पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती आत शिरून पाहणी करते. तिच्या पसंतीस उतरला, तरच खाली बोगदा विणून तो घर पुरं करतो. मग स्वारी दुसरं घर बांधायला मोकळी! गंमत पाहा, बहिणाबाईंच्या कवितेने घराघरांत पोचलेलं 'सुगरण' हे नाव बाईचं आणि गवंडीकाम सारं बाप्याचं.

सेकंदाच्या हजाराव्या भागात माझ्या कॅमेऱ्याने ते फडफडते पंख थांबवले. नराची पिवळी टोपी पडद्यावर लख्ख उमटली. पण तो कुणाची वाट पाहतोय, हे त्या चौकटीत कुठे होतं? किहीमला ते कळलं, कारण तिथे कुणीतरी दिवसच्या दिवस नुसतं पाहत बसलं होतं.

म्हणून नव्या कॅमेरावाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एका दिवसात शंभर झाडं टिपू नका. एक झाड धरा. लांबूनच पाहा, फांदी ओढू नका. पाहणीला आलेली मादी बिचकेल. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तिथेच जा. खोप्याला खाली बोगदा दिसला, तर समजा, घर पसंत पडलं. तो दुसरा फोटो काढल्यावरच पहिल्या फोटोचा अर्थ कळतो.